बिननावाची फळी

माझं अक्षर सुंदर होतं. हे माझं मलाच सांगावं लागतंय, कारण सांगणारी माणसं एकेक करून गेली आणि जी उरली त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. सत्तर सालच्या आसपास नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांवर ज्या पाट्या होत्या, त्यांतल्या निम्म्या माझ्या हातच्या. उरलेल्या निम्म्या वाईट होत्या.

लोकांना वाटतं पेंटर येतो, ब्रश घेतो आणि लिहायला लागतो. तसं नसतं. आधी पत्रा घासायचा, मग त्यावर रंगाचे दोन हात द्यायचे. वाळला की खडूची भुकटी लावलेलं सूत दोन्ही टोकांना ताणून धरायचं आणि मधून टिचकी मारून सोडायचं. पत्र्यावर सरळ रेघ उमटते. त्या रेघेखाली अक्षरांची अंगं काढायची आणि शिरोरेघ अगदी शेवटी ओढायची. नवशिके आधी शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं कोंबत बसतात. अशा पाट्या मी रस्त्याच्या पलीकडून ओळखायचो आणि घरी येऊन बायकोला सांगायचो.

पण दुकानाची पाटी एकदा लावली की दहा वर्षं तिच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. माझा जीव होता तो आमच्या चौकातल्या क्रीडा मंडळाच्या फलकावर. मंडळाचं नाव सांगत नाही. त्यात पुढे दोन गट झाले आणि दोन्हीकडची मंडळी अजून धडधाकट आहेत. मुळात तो कुस्तीचा आखाडा. मग कबड्डी आली, हॉकी आली, मुलींचं खो-खो आलं. कडुनिंबाखाली, पानठेल्याच्या बाजूला, दार आडवं करून ठेवावं एवढा काळा फलक होता. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. सामना कुठे, किती वाजता, संघात कोण, काल कोण जिंकलं, हे सगळं चौकाला त्या फलकावरून कळायचं. खेळाडूसुद्धा तिथेच येऊन आपलं नाव शोधायचे.

तो फलक मी लिहायचो. 'आजचे सामने', 'कालचे निकाल' आणि 'सूचना' हे तीन मथळे ऑइलपेंटनं कायमचे काढलेले होते. त्यांच्याखालचा मजकूर रोज खडूनं. मंडळातून चिठ्ठ्या माझ्या दुकानात यायच्या. संध्याकाळी मी दुकान बंद करायचो, ओल्या फडक्यानं फलक पुसायचो आणि लिहायला लागायचो. खडू आधी साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवलेला असायचा. पाणी अगदी फिकं, चिमूटभर साखरेचं. त्यानं अक्षर वाळल्यावर पांढरंशुभ्र दिसतं आणि वाऱ्यानं उडत नाही. चौकातली माणसं मागे उभी राहून बघायची. समोरच्या कापड दुकानातले तिजारे दिवाणजी तर रोजचे. दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणायचे, "वा पेंटर! काय 'क' काढला गा! मोती आहे मोती." मी मागे वळून बघायचोसुद्धा नाही. ऐकू मात्र सगळं यायचं.

मंडळ वाढलं आणि घोळ सुरू झाला. खेळ चार, हात एक. हॉकीचा निकाल फलकावर दोन दिवसांनी लागायचा, कारण त्यांची चिठ्ठीच उशिरा यायची. पहिलवानांची तक्रार, की आमची कुस्त्यांची दंगल नेहमी तळाला. मुलींची तक्रार, की आमच्या सरावाची वेळ जागा उरली तरच लिहिली जाते. मला ताप आला की फलकालाही ताप यायचा, परवाचे सामने तसेच 'आजचे' म्हणून लटकत राहायचे. शेवटी मंडळाचे सेक्रेटरी बोकडे गुरुजी यांनी बैठक बोलावली. गुरुजी निवृत्त शिक्षक, प्रत्येक गोष्टीची परीक्षा घेणारे.

"फलकाची काही तरी व्यवस्था बसवा लागते," ते म्हणाले. "माह्ये तीन प्रश्न आहेत. लिहिणारा आला नाही तं काय? सामना अचानक बदलला तं किती वेळात फलकावर येते? अन् चार खेळांचं भांडण कसं मिटते?"

एक कचेरीतला टायपिस्ट मंडळाचा सभासद होता. त्यानं सुचवलं की सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढू आणि घरोघर वाटू. त्यानं नमुनाही आणला होता. गुरुजींनी तो हातात घेतला आणि त्यांच्या पांढऱ्या धोतराला शाई लागली. मग त्यांनी विचारलं, "वाटल्यावर सामना पुढे गेला तं?" टायपिस्ट म्हणाला, "दुसरं पत्रक काढू." "अन् पह्यलं ज्याच्या घरात आहे त्याचं काय?" टायपिस्टानं आपला नमुना परत घेतला.

माझी पाळी आली. मी म्हटलं, काही बदलायची गरज नाही. मथळे थोडे मोठे केले की झालं. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं, म्हणून मला वाटलं आपण जिंकलो.

तेवढ्यात कुसुम ढोबळे उठली. महापालिकेच्या शाळेत मास्तरीण, मुलींच्या खो-खो संघाची कप्तान. सावळी, काटक, सायकलवरून फिरणारी. तिच्या संघाच्या चिठ्ठ्या ती स्वतः माझ्या दुकानात आणून द्यायची आणि कधी मी दुकान बंद करेपर्यंत थांबायची. मला वाटायचं, माझी कामाची पद्धत बघत असेल.

"एक चौकट करू," ती म्हणाली. "तिले खाचा. प्रत्येक खेळाची एक काळी फळी. ज्याची त्यानं काढून न्यायची, लिहायची, अन् परत खाचेत सरकवून द्यायची. कोणाले कोणाची वाट पाहाची गरज नाही. सामना बदलला, फक्त तेवढी फळी काढा."

"अन् कोणी खोटं लिहिलं तं?" गुरुजींनी विचारलं.

"ज्याची फळी त्याची जबाबदारी. चौकच इचारन न त्याले."

गुरुजींचा चेहरा शंभरपैकी शंभर दिल्यासारखा झाला. "कुठून सुचलं वं तुले?"

कुसुमनं माझ्याकडे बघितलं. हसून, अगदी आदरानं म्हणाली, "पेंटरभाऊच्या दुकानाले पाहून. ते रोज सांजेले दुकानाच्या फळ्या एकेक करून खाचेत बसवतात न."

आता हे वाचणाऱ्यांना सांगतो. जुन्या बाजारात दुकानांना शटर नव्हतं. उभ्या फळ्या एकामागून एक खाचेत सरकवून दुकान बंद करायचे. मी त्या फळ्या रोज सकाळी काढत होतो, रोज संध्याकाळी लावत होतो. हाताला घट्टे होते त्यांचे. आणि त्या फळ्यांत दडलेली युक्ती दिसली कुणाला, तर दाराशी सायकल धरून उभ्या असलेल्या त्या पोरीला! माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या बैठकीत, बरोबर त्या वाक्याला.

"अन् अक्षर?" मी विचारलं. "पहिलवान लिहिणार, हॉकीवाले लिहिणार. चौकात काय दिसेल ते?"

शेषराव पहिलवान माझ्या शेजारीच बसला होता. मान दिसतच नाही, असा माणूस. तो म्हणाला, "अक्षर काय खायाचं आहे का, पेंटर?"

सगळे हसले. कुसुम हसली नाही, पण त्यानं मला जास्तच राग आला.

चौकट आणि फळ्यांवरचे मथळे रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते जीव ओतून केलं. 'कुस्ती', 'कबड्डी', 'हॉकी', 'खो-खो' असे चार शब्द लिहिले, त्यांना शेंदरी छाया दिली, कडेनं पिवळी रेघ ओढली. इतकं सुरेख काम मी कुठल्याच शेठजीचं केलं नव्हतं. उद्देश एकच होता, वर माझं अक्षर आणि खाली त्यांचा गिचमिड खडू, असं दिसलं की चौकाला आपोआप लाज वाटेल आणि लोक म्हणतील, बोलवा त्या पेंटरला परत.

चौकाला अजिबात लाज वाटली नाही.

पूर्वी लोक रस्त्याच्या पलीकडून फलक बघायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. आता ते रस्ता ओलांडून यायचे. हॉकीवाले लिहायचे की गोलकीपर स्वतःच्याच स्टिकला अडखळून पडला. कबड्डीवाले पुढच्या गल्लीतल्या संघाला फळीवरून टोमणे मारायचे आणि त्या गल्लीतली मंडळी ते वाचायला यायची. कुसुमची फळी गोल, शाळकरी अक्षरातली. त्यात 'मंदाचा पाय बरा आहे, उद्यापासून येईल' असल्या ओळी असायच्या, आणि लोक मंदाच्या पायाची चौकशी करायला लागले. माझ्या काळात फलकावर पाय हा शब्दच आला नव्हता.

घरी मी रोज त्या फळ्यांतल्या चुका सांगायचो. शेवटी बायको म्हणाली, "काहून जळून राहिले जी त्या पोरीवर? तुमच्या ताटातलं काय घेतलं तिनं?"

"जळत नाही. अक्षराबद्दल बोलून राहिलो वं."

"मंग जेवताना रोज तिचंच नाव काहून घेऊन राहिले?"

त्यानंतर मुंग्यांचं प्रकरण झालं. शेषराव पहिलवानाची फळी वाऱ्यानं पुसट व्हायची. त्याला कोणीतरी सांगितलं की पेंटर खडू साखरेच्या पाण्यात भिजवतो. चिमूटभर साखरेनं अक्षर पांढरं होतं, तर पसाभर साखरेनं किती होईल, असा पहिलवानी हिशोब त्यानं केला. दूध-बदामाच्या बाबतीत तो हिशोब त्याला फळला होताच. घट्ट पाक करून त्यात खडू रात्रभर ठेवला आणि सकाळी बोटाएवढ्या जाड अक्षरांत लिहिलं, 'रविवारी दंगल. हिंमत असेल त्यानं यावं.' ऊन वर येईपर्यंत कडुनिंबावरच्या लाल मुंग्यांना वास लागला होता. मी जेवायला घरी निघालो तेव्हा फळीवर खडू दिसत नव्हता. फक्त मुंग्या होत्या. पण त्या बरोबर अक्षरांवरच बसल्या होत्या, बाहेर एक नाही. पूर्ण वाक्य मुंग्यांचं झालं होतं आणि ते वाचता येत होतं. सगळी ओळ जागच्या जागी वळवळत होती.

अख्खा चौक लोटला. रिक्षावाले थांबले. गांधीबागेतले शेठ गादीवरून उठून बघायला आले. शेषराव फळीला हात लावायला घाबरत होता आणि लोक ओरडत होते, "पहिलवान, हिंमत असंन तं या!" त्या रविवारी दंगलीला कधी नव्हती इतकी गर्दी झाली.

ती चूक होती. धडधडीत, अडाणी चूक. माझ्या धंद्यातली युक्ती उचलून केलेली. आणि गर्दीच्या मागे उभं राहून मला त्या चुकीचासुद्धा हेवा वाटला. मी इतकी वर्षं साखर मोजून घातली आणि माझ्या अक्षरांवर मुंगीसुद्धा कधी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंडळात बोकडे गुरुजींकडे गेलो आणि म्हटलं, मलाही एक फळी पाहिजे.

"तुमचा खेळ कोणता?" गुरुजींनी विचारलं.

कुसुम तिथेच शाळेच्या वह्या तपासत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "द्या न गुरुजी. खालची एक खाच रिकामीच आहे."

तिनं बाजू घेतली याचाही मला राग आला. पण फळी घेतली. उत्तम सागाची होती. तिला मी काळा रंग असा दिला की त्यात तोंड दिसावं. मथळ्याची जागा सोडली. काय मथळा द्यावा कळेना. 'पेंटर' लिहावं तर ती दुकानाची जाहिरात झाली असती. मग म्हटलं मथळा नंतर, आधी मजकूर. खडू भिजवला, सूत मारलं आणि बसलो.

काहीच सुचेना. इतकी वर्षं मी जे लिहिलं ते चिठ्ठीवर दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं होतं. मी त्याचं अक्षर सुंदर केलं, एवढंच. चिठ्ठी नसताना लिहायचं काय? शेवटी कोरी फळी तशीच खाचेत सरकवली. कित्येक दिवस ती तशीच होती. जाता-येता शेषराव म्हणायचा, "पेंटर, तुमची फळी उपाशी दिसून राहिली. साखर देऊ का थोडी?"

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी आधी कशी आली नाही याचं आजही नवल वाटतं. मी मंडळाचा एकही सामना बघितला नव्हता. सामने संध्याकाळचे आणि संध्याकाळी मी फलकापाशी. हजारो गुण लिहिले, पण खो-खोत गुण मिळतो कसा हे मला माहीत नव्हतं. आता माझ्या संध्याकाळी मोकळ्या होत्या. मुलींचा सामना काटोलला होता. फलकावर मी 'काटोल' हा शब्द किती वेळा लिहिला असेल, ते गाव पाहिलं नव्हतं. मी दुकान बंद ठेवलं आणि एसटीच्या अड्ड्यावर गेलो. खरं सांगतो, कुसुम खेळात तरी कच्ची निघावी, अशी मनात इच्छा होती.

मला बसमध्ये बघून ती म्हणाली, "भाऊ, तुमी इकडे कुठं?"

"संत्री घ्यायला," मी म्हटलं.

सामना शाळेच्या मैदानावर होता. कुसुम कच्ची नव्हती. ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक संघ ओळीनं बसतो, दुसऱ्या संघाच्या मुली त्या ओळीच्या आजूबाजूनं पळतात. बसलेल्यांतली एक उठून पाठलाग करते, दमली की दुसरीच्या पाठीवर थाप देऊन 'खो' म्हणते आणि तिच्या जागी बसते. हात लागला की पळणारी बाद. अगदी शेवटी बरोबरीला एक गुण हवा होता आणि वेळ संपत आली होती. काटोलची एक उंच पोर खांबाला वळसा घालून निसटत होती. कुसुमनं अंग झोकून सूर मारला. धूळ उडाली. पोर पुढे निघून गेली आणि कुसुम हात लांबवून तशीच पडलेली.

पंचाला धुळीत दिसलं नव्हतं. तो कुसुमजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुमीच सांगा. लागला का हात?"

आमच्याकडच्या पंचांच्या हिशोबात तेव्हा वेणी म्हणजे अंग नव्हतं. तिच्या संघातल्या सगळ्या मुली तिच्याकडे बघत होत्या, मंदा तर नुसती मान हलवून 'हो म्हण, हो म्हण' करत होती.

"वेणीले लागला," कुसुम म्हणाली. "अंगाले नाही."

सामना गेला. गुडघा फुटला तो वेगळाच. परतीच्या बसमध्ये मंदा तिच्यापासून दूरच्या बाकावर जाऊन बसली. कुसुम खिडकीशी बसून रुमाल गुडघ्यावर दाबत होती. मी संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसलो होतो आणि आतल्या आत धुमसत होतो. युक्ती सुचते ती हिला, लोक वाचतात ते हिचं, आणि वर हे! माणसानं एका वेळी किती गोष्टींत पुढे असावं याला काही धरबंध आहे की नाही?

नागपूरला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. मी घरी गेलो नाही, तडक रिकाम्या चौकात गेलो. माझी फळी ओढून काढली. सूत मारलं नाही, खडू भिजवला नाही. चौकटीपाशी पडलेला कोरडा खडू उचलला आणि दिव्याखाली उकिडवा बसून लिहिलं. हात इतका घाईत होता की शिरोरेघ कुठे आधी आली, कुठे नंतर, कुठे आलीच नाही. लिहिलं ते असं:

'काटोलला आपल्या मुली एका गुणानं हरल्या. कुसुमनं सूर मारला पण पंचाला दिसलं नाही. त्यानं तिलाच विचारलं. ती म्हणाली, वेणीला लागला, अंगाला नाही. तिथेच सामना गेला. मी असतो तर अंगाला लागला म्हणालो असतो.'

फळी खाचेत सरकवली, हात झटकले आणि घरी जाऊन बायकोला संत्री दिली.

सकाळी दुकान उघडायला निघालो तर चौकात गर्दी. आधी वाटलं पुन्हा मुंग्या. जवळ गेलो तर सगळे माझ्या फळीसमोर. अर्धे म्हणत होते बाईनं बरोबर केलं, अर्धे म्हणत होते वेडी आहे. शेषराव छाती ठोकून सांगत होता, "मी तं म्हनलो असतो डोक्याले लागला, अन् वेणी कोणाच्या डोक्यावर रायते, सांगा!" लोक हसत होते, भांडत होते, शेवटची ओळ मोठ्यानं वाचत होते. गर्दीच्या कडेला कुसुम सायकल धरून उभी होती, गुडघ्याला पट्टी बांधलेली. तिनं फळी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. कोणाला काही सांगितलं नाही.

तिजारे दिवाणजींनी मला पाहिलं आणि दंडाला धरून पुढे ओढलं.

"पेंटर, पाह्यलं का हे? तुमच्या कोऱ्या फळीवर कोणी तरी लिहून गेलं. कोण आहे गा हा 'मी'?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

"अक्षर पाहा. कोंबडी चालून गेली जशी. तुमी पाहाल तं तुमचं डोकं दुखंन." मग ते माझ्या कानाशी आले. "पण एक सांगू का? राग नका मानू. तुमचं मी इतके वर्षं रोज वाचलं. काय लिहिलं होतं, एक ओळ याद नाही. हे मात्र मी आता घरी जाऊन सांगीन."

त्या क्षणी मला त्या फळीवाल्याचा जो हेवा वाटला, तसा कुसुमचाही कधी वाटला नव्हता. त्याला दिवाणजी कधी 'मोती' म्हणणार नव्हते, आणि मला ते असं कधी म्हणाले नव्हते. मी तिथे उभा राहून ती वेडीवाकडी शिरोरेघ बघत राहिलो.

दिवाणजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुमच्यानं होईन का असं लिहिणं, पेंटर?"

"पाहतो," मी म्हटलं, "प्रयत्न करून."